माणसातले मिरर न्यूरॉन: मेंदूच्या चित्रणातून काय सिद्ध होते आणि काय नाही

प्रश्न असा आहे: माकडाच्या मेंदूत मिरर न्यूरॉन (कृती स्वतः करताना आणि ती दुसऱ्याला करताना पाहतानाही सक्रिय होणाऱ्या चेतापेशी) सापडले हे मान्य, पण माणसात ते असल्याचा पुरावा एफएमआरआय या मेंदूच्या चित्रणतंत्रातून खरोखर मिळतो का, की तसे नुसते गृहीत धरले जाते? आणि असा प्रयोग स्वतः करायचा झाला तर तो कसा रचावा?

थोडक्यात उत्तर आधी देतो. एखादी कृती स्वतः करताना आणि तीच कृती दुसऱ्याला करताना पाहताना मेंदूचे काही भाग दोन्ही वेळा काम करतात, हे चित्रणातून पक्के झाले आहे. 'कोणती कृती' ही माहिती त्यातल्या काही भागांत दोन्ही प्रसंगी काही अंशी सारख्या रूपात असते, यालाही बऱ्यापैकी आधार आहे. पण तीच पेशी दोन्ही वेळा सक्रिय होते, हे एफएमआरआयने थेट दाखवलेले नाही, आणि या तंत्राची घडणच अशी आहे की ते थेट दाखवता येणार नाही. ही तीन वेगळी विधाने आहेत. पहिल्याचा पुरावा देऊन तिसरे सिद्ध झाल्याचे सांगितले जाते, आणि या विषयातले निम्मे वाद तिथून सुरू होतात.

मुळात काय सापडले होते

इटलीत पार्मा विद्यापीठातल्या जाकोमो रिझोलाती यांच्या गटाने १९९२ मध्ये मकाक माकडांच्या प्रीमोटर कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाह्य थरातल्या, हालचालींची आखणी करणाऱ्या भागातल्या) एफ५ या भागातल्या काही पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. माकड स्वतः वस्तू पकडते तेव्हा त्या पेशी स्पंद (विद्युत संकेत) सोडतात आणि समोरचा माणूस तशीच वस्तू पकडताना दिसला तरीही सोडतात. १९९६ च्या सविस्तर निबंधात ५३२ पेशींच्या नोंदी होत्या, त्यातल्या ९२ पेशी, म्हणजे सुमारे १७ टक्के, या व्याख्येत बसल्या.

त्या निबंधातल्या दोन गोष्टी माणसांवरचे प्रयोग वाचताना हाताशी ठेवाव्यात. पहिली म्हणजे सगळ्या मिरर पेशी सारख्याच काटेकोर नसतात. जी कृती केल्यावर पेशी सक्रिय होते नेमकी तीच पाहिल्यावरही होते, अशा पेशी ९२ पैकी जेमतेम एक तृतीयांश होत्या. सुमारे ६० टक्के पेशींत ही जुळणी सैल होती: एका प्रकारची पकड करताना सक्रिय, पण पाहताना दोन-तीन प्रकारच्या पकडींना प्रतिसाद. दुसरी गोष्ट म्हणजे नुसती वस्तू दिसली किंवा वस्तूशिवाय हवेत पकडण्याचा अभिनय दिसला, तर या पेशी सहसा गप्प राहत. त्याच एफ५ मध्ये कॅनॉनिकल म्हटल्या जाणाऱ्या वेगळ्या पेशीही आहेत. पकडण्याजोगी वस्तू नुसती दिसली तरी त्या सक्रिय होतात आणि स्वतः पकडतानाही होतात. म्हणजे करणे आणि पाहणे या दोन्ही वेळा एखादा भाग सक्रिय दिसला, तर त्यामागे मिरर पेशी असू शकतात, कॅनॉनिकल पेशी असू शकतात किंवा शेजारीशेजारी राहणारे दोन अगदी वेगळे गटही असू शकतात.

नुसत्या एकत्र सक्रियतेचा पुरावा

माणसांवरचे सुरुवातीचे काम पीईटी स्कॅनरवर (किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने चित्रण करणाऱ्या यंत्रावर) १९९६ च्या सुमारास झाले. मग १९९९ मध्ये मार्को याकोबोनी आणि सहकाऱ्यांनी बोट उचलण्याच्या अनुकरणावरचा एफएमआरआय प्रयोग प्रसिद्ध केला, आणि मेंदूच्या पुढच्या खंडातल्या डाव्या इन्फिरिअर फ्रंटल गायरस या वळीचा मागचा भाग (पार्स ऑपरक्युलॅरिस) या चर्चेच्या केंद्रस्थानी आला. त्यानंतर अशा निबंधांचा पूर लोटला. २०१२ मध्ये मोलेनबर्ग्स, कनिंग्टन आणि मॅटिंगली यांनी १२५ एफएमआरआय अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात इन्फिरिअर फ्रंटल गायरस, व्हेन्ट्रल (खालचा) प्रीमोटर आणि इन्फिरिअर परायटल लोब्यूल (मेंदूच्या वरच्या-मागच्या परायटल खंडाचा खालचा भाग) हे अपेक्षित भाग होतेच, शिवाय डॉर्सल (वरचा) प्रीमोटर आणि सुपिरिअर (वरचा) परायटलही सातत्याने आले.

हा पुरावा अपुरा का पडतो ते आकड्यांतून स्पष्ट होते. एफएमआरआय पेशी मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणातला बदल मोजते, आणि तोही ठोकळ्याठोकळ्याने. अशा ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात. निकोस लोगोथेटिस यांनी २००८ मध्ये दिलेल्या हिशोबानुसार नेहमीच्या ५५ घन मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये सुमारे ५५ लाख चेतापेशी असतात. आजकालचा ३ मिलिमीटर बाजूचा व्हॉक्सेल २७ घन मिलिमीटरचा, म्हणजे त्याच घनतेने सुमारे २७ लाख पेशींचा. माकडातले १७ टक्क्यांचे प्रमाण माणसात जसेच्या तसे धरले तरी उरलेल्या ८३ टक्के पेशी त्याच व्हॉक्सेलमध्ये आपापले काम करत असतात. अख्ख्या इमारतीचा एकच वीजमीटर असावा तशी ही स्थिती आहे: सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा मीटर फिरला म्हणून दोन्ही वेळा एकाच घरातले दिवे लागले होते असे म्हणता येत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. अलेक्झांडर क्रास्कोव्ह, रॉजर लेमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मकाकच्या एफ५ मधल्या, मज्जारज्जूकडे तंतू पाठवणाऱ्या पेशी तपासल्या. त्यातल्या काही पेशी कृती करताना वाढीव स्पंद सोडत, पण तीच कृती पाहताना मात्र दबून जात. हात हलू नये म्हणून ही दडपणूक असावी, असा त्यांचा कयास होता. वाढणाऱ्या आणि दबणाऱ्या पेशी एकाच व्हॉक्सेलमध्ये असतील तर बेरजेत काय उरेल, हे बोल्ड (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावर आधारलेल्या) सिग्नलवरून सांगता येत नाही. म्हणून सक्रियता दिसली नाही याचा अर्थ मिरर पेशी नाहीत, असाही निघत नाही.

या पातळीवर कुठे चुकते

सगळ्यात नेहमीची चूक स्मूदिंगची आहे. ८ मिलिमीटर रुंदीच्या गाळणीने प्रतिमा गुळगुळीत केली आणि वर बारा-पंधरा जणांची सरासरी घेतली, की शेजारचे दोन वेगळे भाग एकमेकांत मिसळतात. एका सहभागीत पाहण्याचा भाग आणि दुसऱ्यात करण्याचा भाग त्याच जागी आला, तरी गटाच्या नकाशात ते एकत्र दिसतात. व्हॅलेरिया गाझोला आणि क्रिस्टियान कायझर्स यांनी २००९ मध्ये १६ जणांची माहिती मुद्दाम स्मूदिंगशिवाय, प्रत्येकाची स्वतंत्र तपासली. करणे आणि पाहणे या दोन्हींत सक्रिय असलेले व्हॉक्सेल प्रत्येक सहभागीत सापडले. ते केवळ प्रीमोटर आणि परायटलमध्ये नव्हते, स्पर्शाच्या प्राथमिक कॉर्टेक्सच्या मागच्या भागातही होते. एकत्र सक्रियतेचा सगळ्यात भक्कम पुरावा मी याच कामाला मानतो.

दुसरी चूक संख्याशास्त्रातली आहे. करण्याचा सिग्नल पाहण्यापेक्षा बराच जोरकस असतो. 'दोन्ही अटींत सक्रिय' हे ठरवताना जुनी पद्धत वापरली, म्हणजे 'कुठल्याच अटीत काही नाही' हे शून्य गृहीतक खोडून काढले, तर एकट्या करण्याच्या जोरावर व्हॉक्सेल पास होऊ शकतो. प्रत्येक अट स्वतंत्रपणे उंबरठा ओलांडते का, हेच तपासायला हवे. निकोल्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा फरक नीट मांडला आहे. निबंधाच्या पद्धती-विभागात हे कळत नसेल तर ते नकाशे सावधपणे वाचावेत.

तिसरी अडचण सहभागीच्या मनात घडणाऱ्या गोष्टींची. पाहताना माणूस मनातल्या मनात ती कृती करून बघतो, किंवा 'पकडले', 'सोडले' असे नाव देतो. पार्स ऑपरक्युलॅरिस हा ब्रोका क्षेत्राचा भाग आहे, त्यामुळे नाव दिले की तो सक्रिय होणारच. उलट, करताना आपला हात डोळ्यांसमोर आणला की दृश्य भाग जागे होतात. नुसता पाठीमागचा पडदा ही नियंत्रण-अट म्हणून पुरत नाही. निदान तीन हव्यात: वस्तू स्थिर पडलेली, हात वस्तूशिवाय हलणारा आणि वस्तू हाताशिवाय तितक्याच वेगाने सरकणारी. पहिलीने कॅनॉनिकल पेशींचा वाटा वजा होतो, तिसरीने नुसत्या हालचालीचा.

पुनरावृत्तीने दबणारा सिग्नल

एका व्हॉक्सेलमधल्या वेगवेगळ्या गटांना वेगळे करायचे तर नुसती वजाबाकी पुरत नाही. म्हणून पुनरावृत्ती-दमन ही युक्ती आली. तेच उद्दीपन लागोपाठ दोनदा दिले तर दुसऱ्या वेळी सिग्नल कमी होतो. तर्क असा: कृती क पाहिली आणि लगेच कृती क केली, आणि 'क पाहून ख केली' याच्यापेक्षा सिग्नल कमी आला, तर दोन्हींत काही पेशी सामाईक असल्या पाहिजेत. शिवाय पाहून करणे आणि करून पाहणे अशा दोन्ही दिशांत हे दिसायला हवे.

निकाल मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. इलान डिनस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सहभागींना स्कॅनरमध्ये दगड-कागद-कात्री खेळायला लावले. करण्यातले दमन दिसले, पाहण्यातले दिसले, दोन्ही एकाच भागातही दिसले, पण पाहण्यातून करण्यात किंवा उलट जाताना दिसले नाही. २००८ मध्ये ट्रेव्हर चाँग यांच्या गटाला करून मग पाहण्याच्या दिशेने उजव्या इन्फिरिअर परायटलमध्ये दमन मिळाले. २००९ मध्ये अँजेलिका लिंगनाऊ, बेन्नो गेझिरिख आणि अल्फोन्सो कारामाझ्झा यांना पाहून मग करण्यात दमन मिळाले, पण उलट दिशेने नाही. ही एकतर्फी स्थिती थेट जुळणीच्या (पाहिलेली कृती थेट स्वतःच्या कृतीशी जुळवली जाते या) कल्पनेशी विसंगत आहे, असे त्यांनी बजावले. त्याच वर्षी जेम्स किल्नर आणि सहकाऱ्यांना वस्तूवर केलेल्या कृती वापरून इन्फिरिअर फ्रंटल गायरसमध्ये दोन्ही दिशांनी दमन मिळाले.

हे फरक निव्वळ योगायोग आहेत असे मला वाटत नाही, कारण कृतींची निवडच वेगळी होती. दगड-कागद-कात्री हे वस्तूविना केलेले, संवादाचे इशारे आहेत, आणि माकडातल्या मिरर पेशी अशा अभिनयाला सहसा प्रतिसाद देत नाहीत. किल्नर यांच्या प्रयोगात खरी वस्तू हाताळली जात होती. नवा प्रयोग रचताना वस्तूवरच्या कृती घेणे म्हणूनच जास्त सयुक्तिक.

पण या तंत्राच्या मुळाशीच एक शंका आहे. एकेकट्या मिरर पेशी पुनरावृत्तीने दबतात का? व्हित्तोरिओ काज्जानो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मकाकच्या एफ५ मध्ये तपासले, तेव्हा बहुतेक पेशींचे स्पंद पुनरावृत्तीने कमी झाले नाहीत. किल्नर, क्रास्कोव्ह आणि लेमन यांच्या २०१४ च्या नोंदींत मात्र बदल दिसला. पेशीच दबत नसतील तर एफएमआरआयमध्ये दमन न दिसणे निरर्थक ठरते. आणि दमन दिसले तरी ते आधीच्या टप्प्यावरून, दृश्य भागांतून आलेल्या कमी झालेल्या सिग्नलमुळेही असू शकते.

अपेक्षेचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. समरफील्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चेहऱ्यांवर दाखवले की पुनरावृत्ती वारंवार होणार हे मेंदूला ठाऊक असेल तर दमन वाढते, क्वचित होणार असेल तर घटते. म्हणून 'तीच' आणि 'वेगळी' या जोड्या बरोबर निम्म्या-निम्म्या ठेवाव्यात आणि सहभागीला त्यांचा क्रम ओळखता येऊ नये. पूर्ण रचनेत आठ अटी येतात: पहिली घटना पाहण्याची की करण्याची, दुसरी पाहण्याची की करण्याची, आणि दोन्हींत कृती तीच की वेगळी. यातल्या केवळ दोन-तीन अटी ठेवून केलेला प्रयोग दिशेच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

पाहून लगेच करायचे असेल तर आणखी एक सापळा आहे. सहभागीला पुढे काय करायचे ते आधीच कळले, तर पाहतानाच हालचालीची तयारी सुरू होते आणि जे दमन वाटते ते खरे तर तयारी असते. म्हणून करण्याची सूचना पाहणे संपल्यावरच, बदलत्या अंतराने आणि तटस्थ खुणेने द्यावी. कृतीचे चित्र किंवा नाव खूण म्हणून वापरू नये, रंगाचा ठिपका चालेल. कोणत्या रंगाला कोणती कृती हे सहभागीगणिक फिरते ठेवावे.

पॅटर्नवरून ओळख

आज हा प्रश्न विचारायचा असेल तर माझी पसंती या पद्धतीला आहे. एका भागातल्या शंभरेक व्हॉक्सेलमध्ये सिग्नल कसा विखुरला आहे, तो नमुना क्लासिफायरला (नमुने ओळखायला शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला) शिकवायचा. शिकवताना फक्त 'करणे' या अटीतले नमुने द्यायचे आणि परीक्षा घेताना फक्त 'पाहणे' या अटीतले. क, ख आणि ग या तीन कृतींत तो योगायोगाच्या ३३ टक्क्यांपेक्षा सातत्याने जास्त बरोबर ओळखू लागला, तर करणे आणि पाहणे यांत कृतीची माहिती काहीशी सारखी मांडलेली आहे.

इथेही सुरुवात मतभेदानेच झाली. जोसेट एट्झेल, गाझोला आणि कायझर्स यांनी २००८ मध्ये कृतींच्या आवाजांवर क्लासिफायर शिकवून केलेल्या कृती प्रीमोटर भागातून ओळखता येतात, असे दाखवले. त्यात हाताची कृती की तोंडाची, इतकाच ढोबळ भेद होता. डिनस्टीन यांच्या गटाने त्याच वर्षी परायटलच्या पुढच्या भागात हाताच्या कृतींवर प्रयत्न केला. केलेल्या कृती आपापसात ओळखता आल्या, पाहिलेल्याही आल्या, पण एकीवरून दुसरी आली नाही. २०१० मध्ये निकोलास ओस्टरहोफ, पॉल डाउनिंग आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पृष्ठभागाला धरून जाणारे विश्लेषण केले आणि परायटलच्या पुढच्या भागात तसेच ऑक्सिपिटल-टेम्पोरल (मागच्या आणि बाजूच्या खंडांच्या) सीमेवर अशी परस्पर-ओळख मिळवली. २०१२ च्या त्यांच्या पुढच्या प्रयोगाकडे खरे तर अधिक लक्ष जायला हवे. व्हेन्ट्रल प्रीमोटरमधली परस्पर-ओळख फक्त कृती स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशा कोनातून दाखवली तेव्हाच मिळाली, समोरच्या माणसाच्या कोनातून नाही. परायटल आणि ऑक्सिपिटल-टेम्पोरल भागांत ती दोन्ही कोनांतून मिळाली. दुसऱ्याची कृती समजण्यासाठी मिरर यंत्रणा असेल तर ती दुसऱ्याच्या कोनातून चालायला हवी, त्यामुळे प्रीमोटरला या कथेचा नायक ठरवणाऱ्यांना हा निकाल जड जातो.

असा प्रयोग उभारताना ज्या गोष्टी सांभाळाव्या लागतात त्या क्रमाने सांगतो.

तीन टेस्लाच्या स्कॅनरवर २.५ ते ३ मिलिमीटरचे व्हॉक्सेल आणि दर २ सेकंदांनी एक प्रतिमा, ही चालणारी मांडणी आहे. सिग्नल घटनेनंतर ५-६ सेकंदांनी शिखरावर येतो आणि पूर्ववत व्हायला २० सेकंदांच्या आसपास घेतो, म्हणून पॅटर्नच्या विश्लेषणात छोटे गट करावेत किंवा घटनांमधले अंतर ऐसपैस ठेवावे. करण्याच्या आणि पाहण्याच्या फेऱ्या वेगळ्या घ्याव्यात, प्रत्येकी सहा-आठ तरी, आलटून पालटून. एकाच फेरीत दोन्ही मिसळले तर शेजारच्या घटनांचे सिग्नल एकमेकांत उतरतात, आणि 'एकीवरून दुसरी ओळखली' हे त्या गळतीमुळेच घडू शकते.

हाताची हालचाल मनगटापुढेच मर्यादित ठेवावी. कोपर आणि दंड गाद्यांनी आणि पट्ट्याने स्थिर करावा. डोके हलते हे सगळ्यांना माहीत असते, पण डोके अजिबात न हलताही दंड हलला की स्कॅनरमधले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि प्रतिमा किंचित विकृत होते. ही विकृती कृतीगणिक वेगळी असते, त्यामुळे क्लासिफायर मेंदूऐवजी दंड ओळखू लागतो. डोक्याभोवतीच्या, सिग्नल टिपणाऱ्या कॉइलवरच्या आरशातून सहभागीला पडदा दिसावा, स्वतःचा हात नाही. हात दिसला की करणेही पाहणेच होते आणि परस्पर-ओळख कवडीमोलाची ठरते.

पाहताना हात खरोखर शांत आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्कॅनरमध्ये चालणारे स्नायूंचे इलेक्ट्रोड असतील तर उत्तम, पण ग्रेडियंटचा (स्कॅनरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राचा) गोंगाट काढून टाकणे जिकिरीचे असते. ते नसेल तर निदान हातावर कॅमेरा रोखावा किंवा हाताखाली दाब मोजणारे साधन ठेवावे, आणि बोट हलले त्या घटना वगळाव्यात.

कृतींचा कालावधी आणि मेहनत सारखी असावी. एका कृतीला १ सेकंद आणि दुसरीला २ सेकंद लागत असतील, तर करताना आणि पाहताना दोन्हीकडे दुसरीचा सिग्नल मोठा येईल आणि क्लासिफायर नुसत्या लांबीवर पास होईल. म्हणून विश्लेषणाआधी प्रत्येक नमुन्यातून त्या भागाची सरासरी वजा करावी आणि प्रत्येक व्हॉक्सेल फेरीनिहाय प्रमाणित करावा. करण्याच्या फेऱ्या जोरकस आणि पाहण्याच्या क्षीण असतात, त्यामुळे हे प्रमाणीकरण गाळले तर क्लासिफायर सगळ्या पाहिलेल्या कृतींना एकच नाव देतो. मग तीन कृतींत अचूकता नेमकी ३३ टक्के येते आणि 'परस्पर-ओळख नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. गोंधळ-तक्ता (कोणती कृती किती वेळा कोणती म्हणून ओळखली याचा तक्ता) उघडून पाहिला की हे लगेच कळते, म्हणून एकट्या अचूकतेच्या आकड्यावर थांबू नये.

सर्चलाइट (मेंदूवर एक छोटा गोल फिरवत दर वेळी तेवढ्याच व्हॉक्सेलचे विश्लेषण) वापरताना जागेचे भान हवे. ३ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये तीन व्हॉक्सेल त्रिज्येचा गोल १२३ व्हॉक्सेलचा होतो. असा गोल मेंदूच्या घडीवर ठेवला तर तो घडीपलीकडच्या भलत्याच भागात शिरतो. सिल्व्हियन फिशरपाशी (पुढचा आणि बाजूचा खंड वेगळे करणाऱ्या खोल खाचेपाशी) एकाच गोलात फ्रंटल आणि टेम्पोरल दोन्ही येतात. पृष्ठभागाला धरून व्हॉक्सेल निवडले तर हे टळते.

शेवटी शिकवणे-तपासणे दोन्ही दिशांनी करावे: करण्यावर शिकवून पाहण्यावर, आणि उलट. दोन्हींचे आकडे वेगळे छापावेत, नुसती सरासरी नाही. महत्त्व ठरवायला लेबलांची उलटापालट करून मिळवलेले वितरण वापरावे. संपूर्ण मेंदूवर पसरलेल्या अशा विश्लेषणात अचूकता योगायोगाच्या काही टक्के वर एवढीच असते, त्यामुळे सहभागी कमी असतील तर एक-दोघांच्या विचित्र आकड्यांनी निकाल फिरतो.

आणि हे सगळे नीट जमले तरी क्लासिफायर जे सांगतो ते पेशींच्या गटांबद्दल असते. एकाच व्हॉक्सेलमध्ये 'क करणाऱ्या' पेशी आणि 'क पाहणाऱ्या' पेशी शेजारी राहत असतील, आणि 'ख' च्या जोडीचे घर पुढच्या व्हॉक्सेलमध्ये असेल, तरी परस्पर-ओळख यशस्वी होईल. हा पर्याय एफएमआरआयच्या आवाक्याबाहेर आहे.

पेशींच्या थेट नोंदी

म्हणून २०१० चा रॉय मुकामेल, इत्झाक फ्रीड, याकोबोनी आणि सहकाऱ्यांचा निबंध महत्त्वाचा. अपस्माराच्या २१ रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेआधी झटक्यांचे मूळ शोधण्यासाठी इलेक्ट्रोड बसवलेले होते. त्या निमित्ताने १,१७७ पेशींच्या नोंदी घेता आल्या. पकड आणि चेहऱ्यावरचे भाव, दोन्ही करताना आणि पाहताना प्रतिसाद देणाऱ्या पेशी हालचालींशी निगडित सप्लिमेंटरी मोटर भागात आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या परिसरात सापडल्या. काही पेशी करताना वाढत आणि पाहताना दबत, मकाकमधल्या क्रास्कोव्ह यांच्या निरीक्षणासारख्याच.

पण इलेक्ट्रोड कुठे बसवायचे ते उपचाराच्या गरजेने ठरले होते. चित्रणात जे भाग सतत पुढे येतात ते व्हेन्ट्रल प्रीमोटर, पार्स ऑपरक्युलॅरिस आणि इन्फिरिअर परायटल तिथे तपासलेच गेले नाहीत. माणसात करणे आणि पाहणे दोन्हींना प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत, हे या निबंधाने दाखवले. चित्रणात दिसणारा सिग्नल त्याच पेशींमधून येतो, हे नाही. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींबाबत तर स्मरण हा सरळ पर्याय उरतो: नुकतीच केलेली कृती पाहताना आठवते.

ईईजी आणि टीएमएस

ईईजीमध्ये (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी मेंदूतल्या विद्युत लयी मोजणाऱ्या तंत्रात) डोक्याच्या मध्यभागी दिसणारी ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय कृती करताना आणि पाहताना मंदावते, आणि हे मिरर यंत्रणेचे मोजमाप म्हणून सर्रास वापरले जाते. मला हा वापर अजिबात पटत नाही. डोक्याच्या मागच्या भागातली अल्फा लय याच वारंवारितेत असते आणि लक्ष वेधले गेले की तीही मंदावते. हॅना हॉबसन आणि डोरोथी बिशप यांनी २०१६ मध्ये तपासले, तेव्हा कोणती अट तळरेषा म्हणून घेतली यावर निकाल फिरत असल्याचे आणि मागच्या अल्फाची भेसळ मोठी असल्याचे दिसले. मध्यभागाबरोबर मागच्या इलेक्ट्रोडचे आकडेही दिलेले नसतील तर असा निबंध बाजूला ठेवावा. रिटा हारी यांच्या गटाचा १९९८ चा एमईजी (मेंदूचे चुंबकीय संकेत मोजणारा) प्रयोग याहून काटेकोर आहे. त्यात मनगटाजवळच्या चेतेला उद्दीपन दिल्यावर मोटर कॉर्टेक्समध्ये उसळणारी २० हर्ट्झच्या आसपासची लय कृती पाहतानाही दबते असे दिसले.

टीएमएसमध्ये (डोक्याबाहेरून चुंबकीय झटक्याने मेंदू उत्तेजित करण्याच्या तंत्रात) १९९५ पासून, लुचानो फाडिगा यांच्या प्रयोगापासून, सातत्याने दिसते की पकड पाहताना त्याच पकडीत वापरल्या जाणाऱ्या हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद वाढतो. हा प्रतिसाद मोटर कॉर्टेक्स आणि मज्जारज्जू दोन्हींच्या उत्तेजनक्षमतेचा असतो. बाल्दिस्सेरा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मज्जारज्जूचा वाटा वेगळा काढला तर तो उलट दिशेने बदलताना दिसला. म्हणजे कॉर्टेक्सकडून होणारी 'पाहून तयारी' मज्जारज्जूच्या पातळीवर रोखली जात असावी.

ही यंत्रणा जन्मजात की शिकलेली

करोलाइन कॅटमर, व्हिन्सेंट वॉल्श आणि सेसिलिया हेज यांनी २००७ मध्ये सहभागींना उलटा सराव दिला: करंगळी हलताना दिसली की तर्जनी हलवायची, आणि तर्जनी दिसली की करंगळी. सरावानंतर टीएमएसचा प्रतिसादही उलटला, तर्जनी पाहताना करंगळीचा स्नायू जास्त सज्ज होऊ लागला. पुढच्या एफएमआरआय प्रयोगात हात-पायांच्या अशाच सरावाने प्रीमोटर आणि परायटलमधली सक्रियताही बदलली. थोड्या सरावाने उलटणारी जुळणी अनुभवातून घडत असण्याची शक्यता बळावते. चित्रणाच्या दृष्टीने याचा धडा व्यवहारी आहे: सहभागींचा पूर्वानुभव नोंदवावा. बिआट्रिझ काल्व्हो-मेरिनो यांच्या २००५ च्या अभ्यासात बॅले शिकलेल्यांना बॅले पाहताना आणि कापोएरा (ब्राझीलची नृत्यासारखी युद्धकला) शिकलेल्यांना कापोएरा पाहताना प्रीमोटर आणि परायटल भागांत जास्त सक्रियता होती. गट जुळवताना वय आणि लिंगाइतकेच हे तपासावे.

ऑटिझममध्ये मिरर यंत्रणा 'तुटलेली' असते, या बहुचर्चित कल्पनेचा आधार प्रामुख्याने म्यू लय आणि एकत्र सक्रियता यांवरच उभा होता, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्यात कच्च्या पुराव्यावर. डिनस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ऑटिझम असलेल्या प्रौढांमध्ये पुनरावृत्ती-दमन वापरून तपासले, तेव्हा पाहण्यातले आणि करण्यातले दमन दोन्ही इतरांसारखेच निघाले. 'मिरर न्यूरॉनना चालना' देण्याच्या नावाखाली एखादी उपचारपद्धती सुचवली जात असेल, तर म्यू लयीपलीकडे त्यांच्याकडे काय आधार आहे, हे पालकांनी जरूर विचारावे.